कलम एकशेसोळाचे काका

काकांचं खरं नाव आमच्या गिरावीन उपनगरात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. तोंडावर सगळे ‘काका’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘एकशेसोळा’. ‘एकशेसोळानं आज किती वेळ खाल्ला?’ ही चौकशी इंडियन ग्रोसरीच्या रांगेतसुद्धा चालायची. एकशेसोळा हे ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतलं एक कलम आहे. सरकारनं कुठला धर्म स्थापन करायचा नाही, कुठला लादायचा नाही, कुणाच्या धर्मपालनाला बंदी घालायची नाही आणि सरकारी नोकरी देताना कुणाचा धर्म विचारायचा नाही, एवढं ते सांगतं. इथेच जन्मलेल्या माणसांना विचारलंत तरी बहुतेक जण खांदे उडवतील. काकांना ते तोंडपाठ होतं आणि ते आपल्यालाही पाठ व्हावं असा त्यांचा आग्रह असे.

मी त्यांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये सहा वर्षं भाडेकरू होते. आधी युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकत असताना, मग एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागल्यावर. काका मूळचे साताऱ्याचे. तिशीत इथे आले, रेल्वेच्या सिग्नलच्या खात्यात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर जेपी झाले. जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. नाव भारदस्त आणि काम बिनपगारी: कागदांच्या प्रती मूळ कागदाशी ताडून शिक्का मारायचा, लोकांकडून प्रतिज्ञापत्रांवर आपल्या डोळ्यांदेखत सही करून घ्यायची. व्हिसा, पीआर म्हणजे कायमचा रहिवास, लायसन्स, पोरांची शाळा, आपल्या लोकांचं तर जेपीवाचून पान हलत नाही.

दर शनिवारी दहा ते एक ते लायब्ररीत फोटोकॉपीच्या मशीनशेजारी टेबल मांडून बसत. टेबलावर शिक्का, दोन पेनं आणि कापडात गुंडाळलेले तीन ग्रंथ. बायबल पांढऱ्या कापडात, कुराण हिरव्या, गीता काकूंच्या जुन्या इरकल साडीच्या तुकड्यात. कुठलाही ग्रंथ कापडातून सोडण्याआधी उठून हात धुऊन येत. रांगेत कितीही माणसं असोत, हात धुणं चुकायचं नाही. आणि चौथं एक निळं कापड रिकामंच. ज्याला देवाची शपथ नको असेल, नुसतं वचन द्यायचं असेल, त्याच्यासमोर ते रिकामं कापड पसरत. एकदा मी हसले तर म्हणाले, “ज्याला देव नको त्यालाही टेबलावर जागा पाहिजे की नाही?”

पेढा, बर्फी, चहा, काहीही चालायचं नाही. “शिक्क्याआधी दिला तर लाच आणि नंतर दिला तर बक्षीस. दोन्ही नको.” काकू म्हणायच्या, “हॅरिस पार्कच्या सगळ्या देशी दुकानांतली मिठाई याच्या टेबलावरून परत जाते, पण घरात एक पेढा येईल तर शपथ.”

आमचं पहिलं भांडण याच टेबलावर झालं. मला व्हिसासाठी एक प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी शहाणपणा करून घरीच सही ठोकून नेलं. आपल्याकडची सवयच ती, आधी सही करून कागद तयार ठेवायचा आणि मग साहेबासमोर सरकवायचा, म्हणजे साहेबाचा वेळ जात नाही. काकांनी कागद उलटा करून माझ्याकडे ढकलला.

“ही सही कुणी केली?”

“मी.”

“मी पाहिली नाही.”

“काका, मी तुमच्या मागच्या अंगणात राहते! सहीसुद्धा तुम्हाला माहितेय माझी.”

“सही माहितेय. करताना पाहिली नाही. नवीन प्रिंट काढ. आणि सही करण्याआधी मजकूर मोठ्यानं वाच.”

शिफ्टला पाऊण तास उशीर झाला आणि सुपरवायझरचं बोलणं खावं लागलं. त्या आठवड्यात मी काकांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. पण एक मात्र खरं, मजकूर मोठ्यानं वाचायला लावायची ही त्यांची खोड भल्याभल्यांना जड जायची. भाऊ लोक पत्त्यात थोडं इकडचं तिकडं करून आणत, नोकरीची वर्षं ओढूनताणून लिहीत. मनात वाचताना काही वाटत नाही. लायब्ररीत चार माणसांत स्वतःच्या तोंडानं वाचायची वेळ आली की माणूस मध्येच थांबतो, ‘एक मिनिट काका, इथे जरा चुकलंय’ म्हणतो आणि कागद घेऊन निघून जातो. काका त्याला कधी काही विचारत नसत.

ते नास्तिक आहेत असा बाहेर समज होता, तो साफ चुकीचा. पहाटे पाचला उठून तास-दीड तास पूजा चाले, पण दार बंद करून. घंटेचा लोलक त्यांनी काढून ठेवला होता. हात नुसता हलायचा, आवाज नाही. शेजारी रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, हे कारण ते सांगत. मला मात्र वाटतं की आपला देव दुसऱ्याच्या कानात शिरू नये हेच खरं कारण असावं. फ्लॅट देताना त्यांनी मला जात विचारली नाही, देव विचारला नाही, मांसमच्छीचं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “आत काय करायचं ते तुझं तू. मी आत येणार नाही.” सहा वर्षांत बल्ब बदलायलाही ते मला दार उघडायला लावून बाहेर उभे राहिले आणि शिडीवर मलाच चढायला लावलं.

त्यांच्या गप्पांत देशाचे मोठे संस्थापक कधी येत नसत. ज्यांच्या नावाचे सबर्ब आहेत, पुतळे आहेत, ते म्हणजे ‘सरकारी पाहुणे’. काकांचा जीव मागच्या बाकावरच्यांत. राज्यघटना घडली त्या सभांतल्या चर्चा छापलेल्या आहेत. काकांनी त्यातला धर्माचा भाग तेवढा फोटोकॉपी करून बाइंडिंग करून घेतला होता आणि समासात पेन्सिलीनं मराठीत शेरे मारले होते. ‘शाबास.’ ‘इथे घाबरला.’ ‘हा आपला माणूस नव्हे, पण बोलला खरं.’ रविवारी लिंबाच्या झाडाला पाणी घालताना ते या माणसांबद्दल असं बोलत, जणू गल्लीतलीच माणसं.

“तो व्हिक्टोरियाचा वकील बघ. बाप चर्चचा उपदेशक आणि पोरगा सभेत उभा राहून सांगतो, धर्माचे कायदे करायची सत्ता या सरकारला देऊ नका. पहिल्या खेपेला आपटला. घरी बसला का? मजकूर बदलला आणि पुन्हा उठला.”

“देव मानत नव्हता का?”

“कुणी सांगितलं तुला? अगं, देवाला मानणारे आणि देवाला कामाला लावणारे, यात फरक आहे. दुसरा बघ, साउथ ऑस्ट्रेलियाचा आयरिश कॅथलिक. त्याला घटनेच्या सुरुवातीलाच देवाचं नाव हवं होतं. लोकांचे अर्जावर अर्ज आले होते तसे. आणलं त्यानं नाव. मग शनिवारचा विश्राम पाळणारा एक छोटा पंथ हवालदिल झाला, की आज नाव आलं, उद्या आमच्यावर रविवार लादतील. तेव्हा वकील म्हणाला, नाव राहू दे, पण त्या नावानं कायदे करायला मनाई. झालं एकशेसोळा!”

सगळ्यांत लाडका होता तो टास्मानियाचा एक पुढारी. उमेदीची वर्षं हिंदुस्थानात इंग्रज सरकारच्या नोकरीत घालवून आलेला. सगळ्या धर्मांना मोकळीक दिली तर हिंदूंच्या सतीसारख्या क्रूर चालींचं काय करायचं, अशी शंका त्यानं सभेत काढली होती. काका हे सांगताना पाण्याचा पाइप खाली ठेवत.

“म्हणजे बघ, आपण इथे यायच्या कितीतरी आधी आपला विषय निघालाय. तोही भीती म्हणून! आणि एवढी भीती घालूनसुद्धा कलम पास झालं. आपल्याला न बघता त्यांनी आपल्यासाठी दार उघडं ठेवलं.”

मी गप्प बसणारी नव्हे. “आणि त्याच लोकांनी नवा देश झाल्या झाल्या आपल्यासारख्यांना बाहेर ठेवायचा कायदा केला त्याचं काय? देवाला दार उघडं आणि माणसांना बंद?”

काकांनी पाइप उचलून पुन्हा झाडाच्या बुंध्याशी धरला. पाण्यानं झाडाचं आळं भरून वाहायला लागलं. मग म्हणाले, “केला. म्हणून तर म्हणतो, ही माणसं वाचायची. पुजायची नाहीत.”

आमच्याकडच्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, सभा प्रार्थनेनं सुरू होत असे. काका महिन्यातून एकदा सभेला जात आणि प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहत. आत कोण काय मागतंय याच्याशी त्यांचं भांडण नव्हतं. फक्त सभागृहाच्या खुर्चीवरून देवाला हाक मारलेली त्यांना चालत नसे. एकदा मी सोबत गेले होते. दारावरचा धिप्पाड सिक्युरिटीवाला त्यांना ओळखून होता. दोन मिनिटांनी दार किलकिलं करून म्हणाला, “दे आर डन, मेट. इन यू गो.” काका त्याचे रीतसर आभार मानून आत जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौन्सिलच्या पार्किंगमध्ये मी त्यांना म्हटलं, “लोक हसतात तुम्हाला.” ते म्हणाले, “हसू देत. बाहेर उभं राहू देतात ना?”

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मी मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. अध्यक्ष नितीनदादा, पुण्याचा, आयटीतला, मनानं चांगला, पण सदा घाईत. त्या वर्षी गणपतीसाठी आम्हाला कौन्सिलचा मोठा हॉल हवा होता. त्या महिन्यात तो हॉल फक्त सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राखून ठेवला होता. पूजाअर्चेच्या कार्यक्रमांना दुसरा हॉल, तोही पुढच्या महिन्यात. चतुर्थी काही पुढच्या महिन्यात ढकलता येत नाही. आमंत्रणं गेली होती, लहान मुलांचे नाच बसत आले होते, मूर्ती नितीनदादाच्या गॅरेजमध्ये येऊन पडली होती. कौन्सिलनं एक प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यात तिसरी ओळ अशी, की या कार्यक्रमात कोणतीही धार्मिक पूजा किंवा विधी होणार नाही. ते जेपीसमोर सही करून सोमवारी सकाळी नऊच्या आत पाठवायचं होतं. कौन्सिलकडे मंडळाची जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं, म्हणजे सही माझीच लागणार.

“अगं, गणपती काय धार्मिक असतो का?” नितीनदादा म्हणाला. “तो तर आपला उत्सव. कल्चरलच आहे ना? जस्ट साइन, यार.”

त्याचं म्हणणं पटावं असं मला फार वाटत होतं. अडचण एकच होती. माझा नागरिकत्वाचा अर्ज पास व्हायच्या बेतात होता. परीक्षा झाली होती, फक्त शपथेच्या समारंभाचं पत्र यायचं होतं. तीन व्हिसे, नऊ वर्षं, एक मोडलेलं लग्न आणि आईच्या आजारपणात तिकडे जाता न येणं, एवढं सगळं भरून मी तिथवर आले होते. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा, आणि असला गुन्हा बाहेर आला तर ‘गुड कॅरेक्टर’च्या चौकटीपाशी माझा अर्ज अडकणार. हे मला कुणा वकिलानं सांगायला नको होतं, काकांच्या टेबलाशी उभं राहून मी ते शंभरदा ऐकलं होतं. आणि सही केली नाही तर? तर अख्ख्या मंडळाचा गणपती माझ्यामुळे बुडणार. पुढे जन्मभर ‘हिच्यामुळे’ हा शब्द माझ्या पाठीला चिकटणार.

शनिवारी पाऊण वाजता आम्ही दोघं लायब्ररीत गेलो. रांग संपली होती. काकांनी कागद हातात घेतला, सही केलेली नाही हे पाहून मान हलवली आणि म्हणाले, “वाच.”

मी पहिली ओळ वाचली, माझं नाव, पत्ता. दुसरी वाचली, मंडळाचं नाव. तिसरीला आवाज खाली गेला.

“ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा वाचली. शेजारी फोटोकॉपी काढणारी बाई वळून बघायला लागली.

“प्राणप्रतिष्ठा होणार?” काकांनी मराठीत विचारलं.

“होणार.”

“आरती?”

“काका, तुम्हाला माहितेय.”

“मग हे काय वाचलंस?”

नितीनदादा पुढे झाला. “काका, इट्स जस्ट अ फॉर्म. कौन्सिलला पण माहितेय आपण काय करतो ते. सगळे असंच लिहितात.”

“सगळ्यांनी मला येऊन वाचून दाखवलेलं नाही.”

“काका, प्लीज,” मी म्हटलं. माझे कान तापले होते. “मजकूर खरा की खोटा ते बघणं तुमचं काम नाही. सही माझी आहे की नाही तेवढं बघा. नियमच आहे तसा.”

“अर्धा नियम सांगितलास. खोटा आहे हे मला माहीत असेल तर मी साक्षीला बसायचं नाही, हा उरलेला अर्धा.” मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “पोरी, ही ओळ खोड. लिही, की मूर्ती असेल, पूजा होईल, आरती होईल आणि कुणीही आत येऊ शकेल. त्या कलमानं तुला देव लपवायला सांगितलेलं नाही. नाव बदलून चोरासारखा कशाला आत नेतेस त्याला? सांग उघड, गणपती आहे म्हणून.”

“आणि हॉल नाही म्हणाले तर?” नितीनदादानं विचारलं.

“माझ्या गॅरेजमध्ये बसवू. मी आजच मोकळं करतो.”

“पाचशे माणसं? गॅरेजमध्ये?” नितीनदादा हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, पण राग निघाला तो काकांवर. मी बोलू नये ते बोलले. “तुम्हाला तुमचे मेलेले गोरे जवळचे. आपली जिवंत माणसं गेली खड्ड्यात. जन्मभर घंटासुद्धा वाजवायची हिंमत झाली नाही तुमची आणि आम्हाला शिकवताय उघड सांगायला.”

काकांनी पेनाला टोपण लावलं. दोन पेनं, शिक्का, ग्रंथ, एकेक करून पिशवीत भरले. एक वाजायला अजून पाच मिनिटं होती. ते वेळेआधी उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आमच्याकडे न बघता एवढंच म्हणाले, “मी ही सही पाहिलेली नाही.”

अर्ध्या तासानं नितीनदादानं गाडी हॅरिस पार्कजवळच्या एका फार्मसीसमोर उभी केली. तिथला म्हातारा फार्मासिस्ट जेपी होता. गोड माणूस. त्यानं माझं लायसन्स पाहिलं, मजकूर समजलाय ना, खरा आहे ना, असं नीट विचारलं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. मी “यस” म्हटलं. पेन हातात घेतल्यावर क्षणभर वाटलं, की कागद उचलावा आणि बाहेर पळावं. मागे खोकल्याच्या औषधांच्या कपाटाशी नितीनदादा फोनवर कुणाला तरी सांगत होता, “झालं, झालं, हॉल मिळाला समज.” मी सही केली.

गणपती दणक्यात झाला. हॉल खच्चून भरला. कौन्सिलचा एक सभासद पाहुणा म्हणून आला होता. त्यानं भाषणात ‘सुंदर सांस्कृतिक परंपरा’ वगैरे म्हटलं आणि आरतीला टाळ्या वाजवत उभा राहिला. कुणीतरी त्याच्या हातात तबक दिलं तर त्यानं हौसेनं ओवाळलंसुद्धा! काकाकाकूही आले होते. काका रांगेत उभे राहिले, नमस्कार केला, प्रसाद घेतला. हॉल मिळाला त्याअर्थी सही झाली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बघा काका. काही झालं का?”

“नाही,” ते म्हणाले. “काही झालं नाही.” आणि मोदकाचं पान दोन्ही हातांत धरून बाजूला झाले.

पुढच्या शनिवारी ते लायब्ररीत गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “गुडघा दुखतो, तीन तास बसवत नाही.” मला ते खरं वाटलं, कारण खरं वाटून घेणं सोयीचं होतं. खरं सांगायचं तर त्या टेबलासमोर पुन्हा उभं राहायचं नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं. पण झोप नीट लागेना. कौन्सिलचं कुठलंही पत्र आलं की पाकीट न फोडता टेबलावर ठेवून द्यायचे. समारंभाचं पत्र आलं तेव्हा ते पाकीटही मी तासभर तसंच ठेवलं होतं.

समारंभाला काका आले, रेल्वेतल्या निरोपसमारंभाचा कोट घालून. इथल्या शपथेचे दोन मजकूर असतात, एकात देवाचं नाव, एकात नाही. जो हवा तो घ्यावा. इतर वेळी काकांनी यावर मला दोन रविवार पिडलं असतं. त्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा नाही मी कुठला घेतला ते. माझ्या हातातलं सर्टिफिकेट बघून “छान झालं” म्हणाले आणि डोळे पुसले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या क्षणी मला वाटलं, की सगळं मिटलं.

वर्षभरात त्यांनी गिरावीनचं घर विकलं आणि लेकीजवळ वॉलॉंगॉंगला राहायला गेले. स्थिरस्थावर झाल्यावर मी ट्रेननं भेटायला गेले. काकू पोळ्या करत होत्या, मी लाटून देत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “इथल्या लायब्ररीत पण जेपी पाहिजे होता गं. याला विचारायला आले होते. पण यानं तर तेव्हाच राजीनामा पाठवला होता ना, गणपतीनंतरच्या सोमवारी.”

“गुडघ्यामुळे?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पोळी तव्यावर तशीच राहिली. “तुला सांगितलं नाही होय त्यानं?”

मी हात न धुताच बाहेर गेले. काका गॅलरीत बसले होते. समोर पोर्ट केंब्लाच्या कारखान्याची धुराडी दिसत होती.

“काका, जेपी माझ्यामुळे सोडलंत?”

“तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे.”

“नीट सांगा.”

“तू खोटं लिहून दिलंस, हे मला माहीत होतं. मी कळवायला हवं होतं. दोनदा पत्र लिहिलं. एकदा तर टपालपेटीपर्यंत गेलो. मग तुझं ते समारंभाचं यायचं राहिलंय, हे आठवायचं. परत आलो.”

“कळवायलाच पाहिजे असं कुठल्या नियमात आहे?”

“कुणी अनोळखी पोरगा असता तर मी कळवलं असतं गं. तिथल्या तिथे. तुझ्या बाबतीत नाही कळवलं. टेबलाशी सगळे सारखे, असं इतकी वर्षं लोकांना ऐकवत होतो. आणि परत तशी वेळ आली ना, तर परत गप्पच बसेन. असल्या माणसानं तिथे बसू नये.”

मला रडू आवरेना. मी म्हटलं, “मी सांगते. अजूनही सांगते कौन्सिलला, जे व्हायचं ते होऊ दे.”

“ते तू ठरव. मला विचारू नकोस. मी हो म्हटलं तर माझ्यासाठी सांगशील, नाही म्हटलं तर माझ्यासाठी गप्प बसशील. यातलं काहीच नको.”

आतून काकूंनी जेवायला हाक मारली. आम्ही जेवलो. पोळी करपली होती, ती मी माझ्या पानात घेतली.

त्याला आता चार वर्षं होतील. त्यानंतर मी वॉलॉंगॉंगला गेलेले नाही. सांगून टाकायचं आणि मगच काकांसमोर जायचं, असं मी परतीच्या ट्रेनमध्येच ठरवलं होतं. काकू अधूनमधून फोन करतात, “येऊन जा गं, हा आता फार बोलत नाही.” मी “नक्की येते” म्हणते. कौन्सिलला लिहिलेलं पत्र माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. अडीच ओळींचं आहे. दरवेळी उघडते, तारीख बदलते आणि पुन्हा बंद करते. त्या मानानं हे एवढं सगळं एका बैठकीत लिहून झालं, कारण याच्याखाली कुणी माझी सही मागत नाही.